सुतारखान्यातील विदुषी : लीझ माइटनर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे द्यावयाची असे ठरले, तेव्हा जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेऊन टाकली होती. मी लीझ माइटनर हे नाव सांगितले, तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. शास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हे नाव चांगले परिचयाचे आहे. आपल्यासारख्यांना मात्र मादाम क्यूरी तेवढ्या ठाऊक असतात आणि त्यांच्यापुढे आपली यादी संपते.

हेच नाव मी का घेतले ते सांगते. माझ्या नणंदेच्या मुलीने पदवी मिळविल्यावर पुढे विद्यापीठात अणुतंत्रज्ञान शिकण्याचे मनात घेतले. घरात मोठी चर्चा झाली. अणू म्हणजे बाँब, मुलीच्या जातीला हा कसला विषय, लग्नाच्या वेळी काय सांगावयाचे, असे सगळे बोलून झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्या चर्चेत मी काय बोलणार? परंतु हा विषय मुळात आला कोठून, तो कोणी काढला, एवढे तरी आपल्याला कळावे असे वाटले. भाचीनेच पुस्तके आणून दिली आणि जे अडले ते तिने समजावून दिले. तेव्हा कळले की ज्या विषयासाठी आपण मुलीला अडवीत होतो, त्याच्या मुळाशी एक बाईच आहे.

लीझचा जन्म नोव्हेंबर १८७८ मध्ये ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. वडील फिलिप माइटनर हे वकील, घराणे ज्यू. आठ भावंडांत ही तिसरी. घरात श्रीमंती नव्हती, पण पुस्तके होती, संगीत होते आणि मुलांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा अशी आईबापांची शिकवण होती. लहानपणी तिच्या आजीने तिला बजावले होते की शनिवारच्या पवित्र दिवशी भरतकाम केले तर आकाश कोसळेल. लीझने काय करावे? तिने सुई हळूच कापडाला टेकवली आणि वर पाहिले. काही झाले नाही. मग एक टाका घातला आणि पुन्हा वर पाहिले. आकाश जागच्या जागी होते. तेव्हा आजीचा समज खरा नाही अशी खात्री करून घेऊन ती शांतपणे भरतकाम करीत बसली. आठ वर्षांची असताना ती गणिताचे पुस्तक उशीखाली घेऊन झोपत असे असेही सांगतात.

परंतु त्या काळी व्हिएन्नात मुलींची सरकारी शाळा चौदाव्या वर्षी संपत असे. पुढे मुलींनी घरकाम शिकावे व लग्न करावे हा रिवाज. मुलग्यांना विद्यापीठात जाण्यासाठी जी आठ वर्षांची शाळा असे, तिचे दार मुलींना बंद होते. म्हणजे युरोपातल्या एवढ्या पुढारलेल्या शहरातही मुलीचे शिक्षण आपल्याकडल्या सातवी-आठवीपाशीच थांबत होते. हे वाचले तेव्हा मला ती बाई एकदम जवळची वाटू लागली.

वडिलांनी सांगितले की आधी पोटापाण्याची सोय म्हणून फ्रेंच भाषेच्या शिक्षिकेची पात्रता मिळव. ती तिने मिळविली. इतक्यात १८९७ साली ऑस्ट्रियाच्या सरकारने विद्यापीठाची दारे स्त्रियांना उघडली. परंतु दार उघडले तरी प्रवेशपरीक्षा होतीच, आणि ती आठ वर्षांच्या अभ्यासावर. लीझने खासगी शिकवणी लावून तो अभ्यास दोन वर्षांत उरकला. रात्रंदिवस ती वाचीत असे. जरा उठून खोलीत चालू लागली की धाकटी भावंडे चिडवीत की आता तू नापास होणार, अभ्यास सोडून चाललीस! १९०१ साली चौदा मुली त्या परीक्षेला बसल्या. त्यांपैकी चार उत्तीर्ण झाल्या. लीझ त्या चौघींत होती. तिच्या वडिलांचे कौतुक अशासाठी वाटते की त्यांनी पाचही मुलींना उच्च शिक्षण दिले.

वयाच्या तेविसाव्या वर्षी ती विद्यापीठात गेली. तेथे तिला लुडविग बोल्ट्झमान हे थोर गुरू लाभले. पदार्थ अणूंचे बनलेले असतात हे मत ते हिरिरीने मांडीत, आणि तेव्हा पुष्कळ विद्वानांना ते मान्य नव्हते. त्यांची व्याख्याने ऐकून लीझला पदार्थविज्ञानाचे जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही. १९०६ साली तिला डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठात पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळविणारी ती दुसरी स्त्री.

डॉक्टरेट झाली, पण नोकरी कोठे होती? मुलींच्या शाळेत शिकवावे, एवढीच वाट. १९०७ साली वडिलांकडून थोडा खर्च मागून घेऊन ती जर्मनीत बर्लिनला गेली. तेथे माक्स प्लांक हे नामवंत प्राध्यापक होते. स्त्रियांनी विद्यापीठात यावे असे त्यांचे मत नव्हते, अपवाद म्हणून एखादीला येऊ द्यावे इतकेच. लीझला त्यांनी आपल्या व्याख्यानांना बसू दिले आणि पुढे तिची योग्यता पाहून ते तिचे मोठे आधार झाले.

आता शीर्षकातील सुतारखान्याची हकीकत. लीझला प्रयोग करावयाचे होते. ओटो हान नावाच्या तिच्याच वयाच्या एका रसायनशास्त्रज्ञाला पदार्थविज्ञान जाणणारा जोडीदार हवा होता. तो ज्या संस्थेत काम करी तिचे प्रमुख एमिल फिशर यांनी संस्थेत बाईला मज्जाव केला होता. बायकांच्या केसांना प्रयोगशाळेत आग लागेल अशी त्यांना भीती होती असे सांगतात! शेवटी तडजोड निघाली. तळघरात पूर्वी सुतारकाम चालत असे ती खोली रिकामी होती आणि तिला बाहेरून वेगळे दार होते. लीझने त्या दाराने यावे, त्याच खोलीत काम करावे आणि त्याच दाराने जावे. वरच्या मजल्यावर, जेथे इतर विद्यार्थी व प्राध्यापक असत, तेथे पाऊल टाकू नये. इमारतीत बायकांसाठी शौचालय नव्हते. त्यासाठी तिला रस्त्यावरच्या एका हॉटेलात जावे लागे. आणि वेतन? वेतन काहीच नाही. हान यांना पगार, हिला घरून येणाऱ्या पैशांवर पाव आणि बिनदुधाची कॉफी.

भगिनींनो, डॉक्टर झालेली बाई, आणि तिची ही अवस्था! आपण असतो तर दुसऱ्या दिवशी गाडी पकडून घरी आलो असतो. ही मात्र त्या तळघरात रमली. प्रयोग चालू असताना हान आणि ती गाणी म्हणत. पुढल्याच वर्षी, १९०८ साली, बर्लिन ज्या प्रशिया राज्यात होते तेथेही विद्यापीठे स्त्रियांना खुली झाली. मग फिशर यांनी मनाई उठविली आणि बायकांसाठी शौचालयही बांधून दिले. एक कायदा झाला की वर्षानुवर्षांचे अडलेले काम कसे निमूटपणे होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिच्या लेखांवर नाव असे ते एल. माइटनर एवढेच. त्यामुळे पुष्कळांना हा कोणी पुरुष आहे असे वाटे. एका संपादकाने तिच्याकडे लेख मागितला, आणि लिहिणारी बाई आहे हे कळताच मागणी परत घेतली. इंग्लंडचे विख्यात शास्त्रज्ञ रदरफर्ड १९०८ च्या अखेरीस बर्लिनला आले, तेव्हा त्यांनाही तिला पाहून आश्चर्य वाटले. मग काय झाले? रदरफर्ड आणि हान किरणोत्सर्गावर बोलत बसले आणि लीझला पाठविले रदरफर्ड यांच्या पत्नीबरोबर नाताळच्या खरेदीला. त्या बोलण्यात भाग घेण्याची योग्यता तिची होती, परंतु पिशव्या धरावयास बाईमाणूस लागते ना!

किरणोत्सर्ग म्हणजे काय ते येथे थोडक्यात सांगते. काही जड धातूंचे अणू स्थिर नसतात. ते आपोआप किरण बाहेर टाकीत राहतात आणि हळूहळू दुसऱ्याच पदार्थाचे अणू बनतात. युरेनियम, रेडियम हे असे पदार्थ. हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, पण ते शरीराला अपाय करू शकतात, आणि नेमके वापरले तर रोगही बरा करू शकतात.

१९१२ साली बर्लिनच्या डालेम भागात रसायनशास्त्राची नवी संस्था उघडली आणि दोघेही तेथे गेले. त्याच सुमारास प्लांक यांनी लीझला आपली साहाय्यक नेमले. विद्यार्थ्यांचे कागद तपासण्याचे काम. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिला पहिला पगार मिळाला. नव्या संस्थेत जुन्या जागेसारखा किरणोत्सारी पदार्थांचा संसर्ग होऊ नये म्हणून तिने कडक नियम घातले. दारांच्या मुठींजवळ व टेलिफोनजवळ कागदाच्या गुंडाळ्या टांगलेल्या असत. मूठ धरावयाची ती कागदाने. कोणी कोणाशी हस्तांदोलन करावयाचे नाही. हे वाचून मला माझ्या आजेसासूबाईंचे सोवळे आठवले. फरक इतकाच की येथे प्रत्येक नियमाला मोजून पाहिलेले कारण होते. त्या खोल्या पुढे वीस-पंचवीस वर्षे इतक्या स्वच्छ राहिल्या की तेथे अत्यंत क्षीण किरणांचेही मोजमाप करता आले. आज अणुतंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो हाच : आधी स्वच्छता, आधी सावधगिरी, मग प्रयोग.

पहिल्या महायुद्धात ती ऑस्ट्रियाच्या लष्करी इस्पितळांत क्षकिरणांची परिचारिका म्हणून गेली. जखमी सैनिकांची हाडे कोठे मोडली, गोळी कोठे अडकली, ते पाहावयाचे. ते हाल पाहून तिचे मन फार व्यथित झाले. युद्धाचे खरे रूप तिने तेथे पाहिले आणि ते ती कधी विसरली नाही. परत आल्यावर १९१७ साली त्या संस्थेत तिला स्वतःचा पदार्थविज्ञान विभाग मिळाला. १९१८ साली तिने व हान यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध जाहीर केला. हान युद्धाच्या कामावर असल्यामुळे त्यातले बरेचसे काम तिनेच केले होते, तरी निबंधावर पहिले नाव हान यांचेच गेले. १९२६ साली ती बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाली. जर्मनीत पदार्थविज्ञानाची प्राध्यापक झालेली ही पहिली स्त्री. जी एके काळी तळघरातून वर येऊ शकत नव्हती, तिच्या हाताखाली आता विद्यार्थी शिकत होते.

परंतु हे सुख फार टिकले नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले आणि ज्यू वंशाचे प्राध्यापक एकामागून एक काढले गेले. लीझचाही शिकविण्याचा अधिकार गेला. ती ऑस्ट्रियाची नागरिक असल्यामुळे संस्थेतले काम मात्र चालू राहिले. १९३४ साली तिने हान यांना एका नव्या प्रश्नात पुन्हा ओढले. इटलीतील एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉन नावाच्या कणांचा मारा केला होता आणि त्यातून काही चमत्कारिक पदार्थ निघत होते. ते कोणते, हे शोधावयाचे होते. फ्रिट्झ श्ट्रासमान हे तरुण रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. नाझींच्या संघटनेत जाण्याचे नाकारून ज्याने आपली बढती घालविली, असा हा बाणेदार गृहस्थ.

काम ऐन रंगात आले असताना मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. लीझचे पारपत्र एका दिवसात निरुपयोगी झाले. ना जाण्याची परवानगी, ना राहण्याची शाश्वती. शेवटी हॉलंडमधील डिर्क कोस्टर या शास्त्रज्ञमित्राने पुढाकार घेतला. १३ जुलै १९३८ रोजी ती त्यांच्याबरोबर आगगाडीने निघाली. कोणाला संशय येऊ नये म्हणून बरोबर एक लहानशी पेटी आणि खिशात दहा मार्क. हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी तिला दिली होती. सरहद्दीवर पहारेकऱ्याला लाच द्यावी लागली तर उपयोगी पडेल म्हणून. सुदैवाने कोणी अडविले नाही. एकोणसाठ वर्षांची बाई, एकतीस वर्षांचा संसार म्हणजे तिची प्रयोगशाळा, आणि सगळे मागे टाकून ती सरहद्द ओलांडून गेली. आपल्याकडे फाळणीच्या वेळी घरदार सोडून आलेल्यांना हे दुःख वेगळे सांगावयास नको.

हॉलंडहून ती स्वीडनच्या स्टॉकहोम शहरी गेली. तेथे एका संस्थेत तिला जागा मिळाली, पण जागा म्हणजे अक्षरशः जागाच. उपकरणे नाहीत, साहाय्यक नाही, आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्यासुद्धा तिच्या हाती दिल्या नाहीत. बर्लिनचे काम हान आणि श्ट्रासमान पुढे चालवीत होते व तिला पत्रांतून कळवीत होते. नोव्हेंबरात कोपनहेगनला हान यांची गुप्तपणे भेट झाली, तेव्हा तिने त्यांना निक्षून सांगितले की तुमचे निष्कर्ष पटण्याजोगे नाहीत, पदार्थ पुन्हा तपासा. त्यांनी तपासले. डिसेंबरात पत्र आले की युरेनियममधून बेरियम निघत आहे, हे कसे होते ते आम्हाला उमगत नाही, तूच काही सांग.

नाताळात ती एका मैत्रिणीच्या घरी कुंगेल्व या लहान गावी गेली होती. तिचा भाचा ओटो फ्रिश हाही शास्त्रज्ञच. तो कोपनहेगनहून तेथे आला. त्याचे वडील त्या वेळी हिटलरच्या डाखाउ येथील छळछावणीत होते. अशा काळजीत मावशी-भाचे बर्फातून फिरावयास निघाले, तो घसरपट्ट्या लावून आणि ती पायी. बोलता बोलता ते एका झाडाच्या ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड करू लागले.

हा हिशेब मला भाचीने जसा समजावला तसा सांगते. युरेनियमच्या अणूचा गाभा म्हणजे एक मोठा थेंब समजा. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब पाहा. आधी तो ताणला जातो, मग मध्ये बारीक होतो आणि मग एकाचे दोन होतात. एवढा मोठा गाभा आधीच डळमळीत असतो. त्याला न्यूट्रॉनचा धक्का लागला की तो असाच ताणून दुभंगतो. युरेनियमचा क्रमांक ९२, बेरियमचा ५६. ब्याण्णवातून छप्पन्न गेले की उरले ३६. हा क्रिप्टॉन नावाच्या वायूचा क्रमांक. म्हणजे दुसरा तुकडा तो. बायकांना रोज वाण्याचा हिशेब करावा लागतो, त्यातली ही वजाबाकी!

परंतु खरी मौज पुढे आहे. दोन तुकड्यांचे वजन केले तर ते मूळच्या गाभ्यापेक्षा किंचित कमी भरते. ही घट गेली कोठे? वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते हे आइन्स्टाइन यांचे म्हणणे लीझने १९०९ साली त्यांच्याच व्याख्यानात ऐकले होते. गाभ्यांच्या वजनांची सूत्रे तिला मुखोद्गत होती. तिने घट काढली, तिची ऊर्जा काढली, आणि ती तुकडे ज्या वेगाने एकमेकांपासून दूर उडावयास हवेत त्या हिशेबाशी तंतोतंत जुळली. एका अणूतून निघणारी ही ऊर्जा डोळ्यांना दिसणारा वाळूचा कण टुणकन उडविण्याइतकी असते. एक अणू वाळूच्या कणापुढे केवढा सूक्ष्म, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ऊर्जेची कल्पना येते.

जवळ उपकरण नाही, प्रयोगशाळेची किल्ली नाही, देश नाही, आणि ओंडक्यावर बसून या बाईने अणू फुटतो कसा ते जगाला सांगितले. पेशी दुभंगते त्याला जीवशास्त्रात जो शब्द आहे, तोच फ्रिशने या घटनेला लावला. आपल्याकडे त्याला अणुविखंडन म्हणतात. मावशी-भाच्याचा लेख ११ फेब्रुवारी १९३९ रोजी नेचर या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. एक अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते आणखी अणू फोडतात आणि माळ लागते. ही माळ आवरून धरली तर भट्टी, न आवरली तर बाँब. १९४३ साली अमेरिकेत अणुबाँबचे गुप्त काम चालू होते. लीझलाही तेथे ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर येण्याचे बोलावणे आले. स्टॉकहोमची उपेक्षा सोडून मोठ्या प्रयोगशाळेत, जुन्या मित्रांत जाण्याची संधी होती. तिने साफ नकार दिला. बाँबशी आपल्याला काही कर्तव्य नाही, असे तिने कळविले. ज्या हिटलरने तिला देशोधडीला लावले त्याच्याविरुद्धच ते शस्त्र होते, तरीही ती गेली नाही. माझ्या मते तिच्या चरित्रातला हा सर्वांत मोठा क्षण आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाल्यावर वर्तमानपत्रांनी तिला बाँबची आई ठरवून टाकले, याचे तिला फार दुःख झाले. त्या विषयावर निघणाऱ्या एका अमेरिकन चित्रपटात आपले पात्र दाखविण्यासही तिने मनाई केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अणुविखंडनाच्या शोधाबद्दल जाहीर झाले, ते एकट्या ओटो हान यांना. लीझचे नाव नाही, श्ट्रासमान यांचेही नाही. आयुष्यात चाळीसहून अधिक वेळा तिचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचविले गेले, पण ते तिला कधीच मिळाले नाही. हान यांनीही पुढे तिच्या वाट्याविषयी मोकळेपणाने सांगितले नाही. तिला वाईट वाटले. परंतु तिने मैत्री तोडली नाही. जर्मनीतल्या मित्रांना मात्र तिने पत्राने खडसावले की तुम्ही अन्याय पाहत स्वस्थ बसलात. स्वतः १९३८ पर्यंत तेथे राहिले ही आपलीही चूक होती, असे तिने त्यात प्रांजळपणे म्हटले.

पुढील वर्षांत स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात तिला मानाची जागा मिळाली. स्वीडनची पहिली अणुभट्टी १९५४ साली तेथेच जमिनीखाली खडकात सुरू झाली. त्या भट्टीच्या कामात लीझचा हात होता. अणूचा शांततेसाठी उपयोग तिला मनापासून मान्य होता. १९६० साली ती भाच्याजवळ इंग्लंडमध्ये केंब्रिजला राहावयास गेली. १९६६ साली अमेरिकेचे फर्मी पारितोषिक तिला, हान यांना व श्ट्रासमान यांना मिळून देण्यात आले. ते मिळविणारी ती पहिली स्त्री. प्रकृतीमुळे तिला प्रवास झेपेना, तेव्हा ते केंब्रिजला आणून देण्यात आले. जुलै १९६८ मध्ये हान वारले. ते तिला सोसणार नाही म्हणून सांगितलेच नाही. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदीला काही दिवस उरले असताना, तिनेही देह ठेवला. ब्रॅमली या इंग्लिश खेड्यात धाकट्या भावाशेजारी तिची समाधी आहे. पदार्थविज्ञान करताना तिने माणुसकी कधी सोडली नाही, अशा अर्थाचे शब्द भाच्याने त्या दगडावर कोरविले. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला १९९७ साली तिच्यावरून माइटनेरियम हे नाव अधिकृतपणे मिळाले. नोबेल पुष्कळांना मिळते, मूलद्रव्याला नाव फार थोड्यांचे लागते.

आता कोणी म्हणेल, या परदेशी बाईचा आपल्याशी संबंध काय? संबंध आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आहे. आपल्या देशातली पहिली अणुभट्टी अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथे सुरू झाली. तारापूरचे वीजकेंद्र १९६९ पासून. भट्टीत तयार होणाऱ्या कोबाल्टचे किरण कर्करोगाच्या उपचाराला वापरतात. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ साली जे केंद्र उघडले, तेथे असेच किरण देऊन कांद्याला मोड येणे थांबवितात, आणि तेथूनच किरण दिलेला आंबा २००७ साली अमेरिकेला गेला. कांद्यात किरण राहत नाहीत, जसे उन्हात वाळविलेल्या पापडात ऊन राहत नाही. अणुतंत्रज्ञान शिकणे म्हणजे हेच शिकणे : भट्टी आवरावी कशी, किरण मोजावे कसे, माणसाला त्यांपासून जपावे कसे आणि रोग्याला, शेतकऱ्याला त्यांचा उपयोग करून द्यावा कसा. तुर्भ्याला १९५७ पासून यासाठी शिक्षणशाळा आहे, आणि २००५ पासून होमी भाभांच्या नावाचे विद्यापीठच आहे. तेथे मुलींना वेगळ्या दाराने जावे लागत नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर घरातल्या चर्चेत मी प्रथमच बोलले. बाँब करावयाचा की कर्करोग बरा करावयाचा हे विषय ठरवीत नाही, शिकणारा माणूस ठरवितो, आणि ज्या बाईने या विषयाचा पाया घातला तिनेच बाँबला नाही म्हटले होते, एवढे मी सांगितले. माझ्या बोलण्याने सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. परंतु नणंदेने अर्जावर सही केली.

शेवटी एक सूचना करते. लीझला सुतारखान्याचे दार मिळाले, पण पुढे प्रयोगशाळेची किल्ली मिळाली नाही. आपल्या आळीत दोन खोल्यांच्या घरांतून शिकणाऱ्या किती तरी मुली आहेत. रात्री दूरदर्शनसंच चालू, पाहुणे आलेले, धाकटी भावंडे रडत आहेत, अशात त्यांनी वाचावे कोठे? आपल्या मंडळाचे सभागृह हळदीकुंकू, भजन व शिवणवर्ग सोडले तर संध्याकाळी सातनंतर बंद असते. या वर्षापासून ते रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडे ठेवावे, दिव्याचा व पंख्याचा खर्च वर्गणीतून करावा, आणि पाळीपाळीने आपल्यापैकी एकीने तेथे विणकाम घेऊन बसावे. मुलींना हुशारी देणे आपल्या हाती नाही, जागा देणे आहे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. मंगळवारची पाळी माझ्या नावावर लिहून ठेवावी.

— एक सभासद